अडीच वर्षांच्या मुलाला ईस्टर कसा सांगायचा?

 

आजचा विषय छोट्या मुलांचा आहे. छोट्या म्हणजे किती, तर दोन ते साडेतीन-चार. ज्यांना अजून शाळा नाही, ज्यांचं वाक्य तीन शब्दांचं असतं आणि ज्यांना एका गोष्टीत तीन-चार मिनिटांच्या वर रस राहत नाही. अशा मुलाला ईस्टर म्हणजे काय हे घरी कसं सांगायचं? चॉकलेटचं अंडं आणि ससा नाही म्हणत मी. ख्रिस्ती माणसासाठी त्या दिवसाचा जो अर्थ आहे, तो.

माझ्यापुरतं हे का महत्त्वाचं, ते एका ओळीत सांगतो. आम्ही राहतो अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी. समोर खाडीपलीकडे दाभोळ, मागे टाळकेश्वराचं दीपगृह. चालत जाता येईल असं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, इथे नाही. संडे स्कूल नाही. त्यामुळे जे शिकवायचं ते घरात, ओट्यावर, अंगणात. घराने सांगितलं नाही तर मोबाइल सांगणार, आणि मोबाइल ससाच सांगणार.

नाताळ सोपा असतो हो. बाळ जन्मलं, गोठा, गाय, तारा. दोन वर्षांच्या मुलाला बाळ कळतं, गाय कळते. ईस्टरचं तसं नाही. ईस्टरला आधी एक माणूस मरतो. मग तो जिवंत होतो. यातली पहिली गोष्ट मुलाला सांगायला आपल्याला भीती वाटते आणि दुसरी समजावता येत नाही. मग बरेच आईबाप दोन्ही गाळतात आणि नवीन फ्रॉक, केक, फोटो यांवर दिवस काढतात. त्यांना दोष नाही. पण त्याने मुलाकडे काहीच जात नाही.

एकच नियम

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे पहिलं व्हर्जन छोटं असलं तरी चालतं. चार गोष्टी नसल्या तरी चालतं. फक्त पुढच्या वर्षी सगळं पाडून पुन्हा बांधावं लागेल असा पाया घालायचा नाही. मुलांना धर्म शिकवतानाही मला हाच नियम कामाचा वाटतो. लहान सांगा, पण नंतर मागे घ्यावं लागेल असं काही सांगू नका. अपुरं चालेल, खोटं नको.

हे मी शोधलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. त्या संस्कृतच्या पंडिता. जड मराठी त्यांना सहज लिहिता आलं असतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं म्हणून त्यांनी सोपं मराठी निवडलं, आणि सोपं करताना अर्थ सुटू नये म्हणून मूळ भाषांपर्यंत गेल्या. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा काम नुकतं पूर्ण होत आलं होतं. म्हणजे सोपं सांगायला जास्त मेहनत लागते, कमी नाही.

आता हा नियम लावला की आपल्या तोंडात सहज येणारी काही वाक्यं बाद होतात. बघा.

एक. "येशू झोपला आणि मग उठला." ऐकायला गोड. पण मूलही रोज झोपतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण कायमचं असतं हे कळत नाही. ती त्याला झोपेसारखं, परत येण्यासारखं समजतात. त्यात आपणच "झोपला" म्हटलं, तर एक तर मूल झोपायला घाबरतं, नाहीतर उद्या घरातलं कुणी गेलं की त्याला उठवायला जातं. शब्द एकच वापरा : मेला. ऐकायला कडक आहे, पण मुलाला तो कडक वाटत नाही. आपल्याला वाटतो.

दोन. "तू खोडी केलीस ना, म्हणून येशूला खिळे मारले." हे मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय. पापाची शिकवण मोठी आहे, ती नाकारत नाहीये मी. पण अडीच वर्षांच्या डोक्यात ती "मी दूध सांडलं म्हणून कुणीतरी मेलं" अशी शिरते. हे नंतर खोडायला फार वर्षं लागतात. त्या वयाला एवढंच पुरे : येशू आपल्यावर खूप प्रेम करतो, म्हणून तो पळून गेला नाही.

तीन. "वाईट लोकांनी मारलं", आणि त्याच्या पुढे "यहुद्यांनी मारलं". येशू स्वतः यहुदी होता, त्याची आई यहुदी, सगळे शिष्य यहुदी. क्रूसावर द्यायची शिक्षा रोमन सत्तेची आणि खिळे ठोकणारे रोमन सैनिक. या एका वाक्याने युरोपात शतकानुशतकं काय काय घडवलं ते आपण शाळेत वाचलंय. आपल्या घरातल्या पहिल्याच गोष्टीत एका जमातीला खलनायक करायचं काही कारण नाही. "सैनिकांनी मारलं" म्हणा. खरं आहे आणि पुरेसं आहे.

चार. लपंडाव. मुलांना लपणं आवडतं, म्हणून "येशू लपला होता, मग भ्भो करून आला" असं सांगायचा मोह होतो. नको. तो लपला नव्हता. मेला होता. नाहीतर सगळी गोष्टच गंमत होऊन जाते.

आणि ससा? सशाशी माझं भांडण नाही. तो जर्मन घरांतून अमेरिकेत गेला आणि तिथून जाहिरातींत आला. अंड्याचं कारण तरी समजण्यासारखं आहे : जुन्या काळी युरोपात उपासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असत, कोंबड्या काही थांबत नसत, मग ईस्टरला साठलेली अंडी निघत. मुलांनी अंडी रंगवावीत, मजा करावी. फक्त "ससा अंडी देतो" हे सांगू नका. कोकणातल्या मुलाने अंगणात कोंबडी बघितलेली असते. ते तुमच्यावर हसेल.

आठवडाभर, रोज थोडं थोडं

सगळी गोष्ट रविवारी एकदम सांगायला गेलात तर ती मुलाच्या डोक्यावरून जाते. आठवड्यात वाटून द्या. आम्ही काय करतो ते सांगतो. यात विकत आणायचं जवळजवळ काही नाही.

सुरुवात चंद्रापासून. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. २०२४ मध्ये ३१ मार्च, २०२५ मध्ये २० एप्रिल, २०२६ मध्ये ५ एप्रिल. मूळ संबंध यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी आहे, तोही पौर्णिमेचा. आपल्याकडे हीच पौर्णिमा कधी शिमग्याची असते, कधी हनुमान जयंतीची. मुलाला यातलं काही कळायची गरज नाही. त्याला कडेवर घ्या, डोंगरामागून वर येणारा गोल चांदोबा दाखवा आणि म्हणा, "चांदोबा पूर्ण झाला. आता ईस्टर येणार." शेजारच्या घरातही त्याच चंद्राकडे बघून काहीतरी चाललेलं असतं, हेही मुलाला आपोआप दिसतं.

झावळ्यांचा रविवार. ईस्टरच्या आधीचा. कोकणात याच्यासारखा सोपा दिवस नाही. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, लोकांनी झाडांच्या फांद्या हलवल्या आणि "होसान्ना" म्हणून ओरडले. होसान्नाचा मूळ अर्थ "वाचव आम्हाला". झावळीचं एक पातं मुलाच्या हातात द्या, बाबाने गाढव व्हायचं, अंगणात तीन चकरा. ओरडायला परवानगी आहे म्हटल्यावर मूल हा दिवस वर्षभर विसरत नाही.

याच दिवशी करवंटीत माती भरून मेथीदाणे पेरा. पाणी घालायचं काम मुलाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, म्हणजे ईस्टरपर्यंत करवंटी हिरवी. गव्हाचा दाणा जमिनीत पडला तरच पीक येतं, हा दाखला योहानाच्या शुभवर्तमानात येशूनेच दिलाय. इथेही आपला नियम : "येशू बी सारखा होता" असं काही सांगत बसू नका. नुसतं वाढू दे. मूल बघतंय.

पवित्र गुरुवार. त्या रात्री येशूने आपल्या मित्रांचे पाय धुतले. आपल्याकडे बाहेरून आलं की पाय धुवायचेच, त्यामुळे मुलाला ही कृती ओळखीची. फक्त आज बाबा तांब्या घेऊन खाली बसतो आणि आजीचे, आईचे, मग लेकीचे पाय धुतो, पुसतो. सांगायचं वाक्य एकच : "येशू मोठा होता, तरी त्याने सगळ्यांचे पाय धुतले." नंतर मूल तुमचे पाय धुवायला मागतंच. फरशी ओली होते. होऊ द्या.

गुड फ्रायडे, आपला उत्तम शुक्रवार. इथे लोक अडखळतात. माझं म्हणणं, गाळू नका, पण लांबवू नका. चार वाक्यं. "सैनिकांनी येशूला क्रूसावर मारलं. येशू मेला. त्याची आई रडली, मित्र रडले. त्याला गुहेत ठेवलं आणि मोठा दगड लावला." झालं. रक्ताचं वर्णन नको, पिक्चरमधल्या क्लिप नकोत. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं ते तर मुलासमोर उघडूच नका. मोठ्यांनाही ते सोसत नाही.

करवंटी किंवा खोक्याची गुहा करा, आणि पुढे दगड. जांभ्याचा तुकडा कोकणात कुठेही सापडतो. दगड मुलानेच लावायचा. दुपारी तीनच्या सुमाराला मेणबत्ती विझवायची. जेवायला पेज आणि लोणचं. घरात टीव्ही बंद. मुलाला "आज काहीतरी वेगळं आहे" एवढं जाणवलं की शुक्रवारचं काम झालं. आई-बाबा उदास दिसले तर लपवू नका. आपण उदास असलो तरी त्याच्याजवळ आहोत, हे त्याला दिसू दे.

शनिवार. या दिवशी गोष्टीत काहीच घडत नाही, आणि मला हा दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो. मूल सकाळी गुहेपाशी जातं. "उघडू?" "नाही, आज नाही. आज थांबायचं." मेथीला पाणी घालायचं आणि थांबायचं. आपल्या पिढीला सगळं दहा मिनिटांत दारात लागतं. मुलांना थांबायला शिकवणारा दिवस कॅलेंडरमध्ये आयता मिळालाय, तो वाया घालवू नका.

आणि रविवार. बायका पहाटे अंधार असतानाच कबरेकडे गेल्या होत्या. म्हणून मुलालाही लवकर उठवा. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो तो खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडून. तिकडे तोंड करून उभं राहायचं, मेणबत्ती पुन्हा लावायची. मग गुहेचा दगड मुलानेच बाजूला करायचा. आत काय? काही नाही. फक्त घडी केलेलं फडकं. "येशू इथे नाही. येशू जिवंत झाला!"

त्या सकाळचा एक प्रसंग तर जणू छोट्या मुलांसाठीच आहे. मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी होती. मागे कुणीतरी होतं, तिला वाटलं माळी असेल. मग त्याने तिला नावाने हाक मारली, आणि तिने ओळखलं. बोलणं जमायच्या आधी मुलाला जे कळतं ते स्वतःचं नाव. दाराआडून तुमच्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारा आणि ते कसं वळून बघतं ते पाहा. मग सांगा, "मरीया अशीच वळली." पुनरुत्थान हा शब्द त्याला दहा वर्षांनी येईल. वळून बघणं आत्ताच येतं.

आणखी एक : बाऊ. येशू जिवंत झाला तरी त्याच्या हातावरच्या खुणा गेल्या नव्हत्या. थोमाला त्याने त्याच दाखवल्या. मुलांना स्वतःचा बाऊ दाखवायला किती आवडतं! "येशूला पण बाऊ आहे, अजून आहे" हे मुलाला पटकन पटतं.

"आजोबांचा दगड कधी काढायचा?"

आता अवघड भाग. गेल्या पावसाळ्यात माझे वडील गेले. शनिवारी गुहेपाशी बसल्या बसल्या लेकीने विचारलं, "आजोबांचा दगड कधी काढायचा?"

तुम्ही शुक्रवार नीट सांगितलात तर हा प्रश्न येणारच. यायलाच हवा. ईस्टर म्हणजे फक्त दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाचं काय झालं एवढंच असतं तर कुणी त्याला सण म्हटलं नसतं. आपल्या माणसांचं काय, हाच त्यातला प्रश्न आहे, आणि अडीच वर्षांचं मूल थेट तिथेच पोचतं.

आपल्याकडे तयार उत्तरं असतात. "आजोबा गावाला गेले." मग मूल रोज बसस्टॉपकडे बघतं. "देवाघरी गेले." मग "आपण पण जाऊया ना." "देवाला आवडले म्हणून नेलं." मग मुलाला देवाचीच भीती, कारण तेही सगळ्यांना आवडतं. तिन्ही उत्तरं मायेने दिलेली असतात, आणि तिन्ही पुढे मागे घ्यावी लागतात.

मी तिला सांगितलं ते असं. "आजोबा मेले. ते आता घरी येणार नाहीत. येशू त्यांना एक दिवस उठवणार आहे. कधी, ते बाबाला माहीत नाही. तोपर्यंत येशू त्यांना सांभाळतो." तिने विचारलं, "उद्या?" मी म्हटलं, "उद्या नाही." ती थोडा वेळ दगडावर हात ठेवून बसली आणि मग बिस्कीट मागितलं.

ही पाच वाक्यं बोलायला मला जड गेलं, कारण मुलासमोर सजावट करता येत नाही. मोठ्यांच्या सभेत "पुनरुत्थानाची आशा" असं म्हणून पुढे जाता येतं. तिच्यासमोर मी जे म्हणतो ते मला स्वतःला खरं मानावं लागतं. "येणार नाहीत" हेही, आणि "एक दिवस उठवणार" हेही. ख्रिस्ती विश्वास या दोन्हींवर उभा आहे. पहिलं गाळलं तर ते खोटं सांत्वन होतं. दुसरं गाळलं तर ईस्टर साजरा करायचं कारणच उरत नाही. आणि हे उत्तर ती वीस वर्षांची झाली तरी मला बदलावं लागणार नाही. ती त्यावर वाद घालेल, शंका घेईल, ते वेगळं. पण "बाबाने मला फसवलं" असं म्हणणार नाही.

तुमचा विश्वास वेगळा असेल तर तुमचं दुसरं वाक्य वेगळं असेल. पहिलं मात्र सगळ्यांचं एकच आहे.

सण रविवारी संपत नाही

ईस्टरनंतरची माझी आवडती गोष्ट योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पेत्र आणि मित्र रात्रभर सरोवरात जाळं टाकतात, मासळी काही मिळत नाही. पहाटे काठावर एक जण उभा असतो. तो म्हणतो, उजवीकडे टाका. जाळं भरतं, मोजून १५३ मासे. काठावर येऊन बघतात तर येशूने निखारे पेटवून मासा भाजायला ठेवलाय, भाकर आहे, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतोय. वेलदूरच्या जेटीवर सकाळी होड्या येताना बघणाऱ्या पोराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जाळं माहीत, रिकामी परत आलेली होडी माहीत, भाजलेल्या बांगड्याचा वास तर माहीतच. मेलेला माणूस परत आला आणि त्याने मित्रांसाठी नाश्ता केला. मुलाला येशू कोण हे सांगायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

तेव्हा घाई नको. ईस्टरचा काळ पुढे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. आठवड्याला एक गोष्ट आरामात होते.

गोष्टी कुठून घ्यायच्या? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं "सुबोध बायबल" मोठ्याने वाचायला छान आहे. आधी आपण वाचा, मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगा. आणि गा. मराठीत ही परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या, येशूच्या मरणाची आणि उठण्याची कथा त्यात ओवीत येते. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपल्याच जिल्ह्यातले, करजगावला १८६१ साली जन्मलेले. भजना-अभंगांच्या वळणाने त्यांनी जी ख्रिस्ती गीतं लिहिली ती आजही मराठी देवळांतून म्हटली जातात. इंग्रजी राइम शोधण्याआधी तुमच्या आजीला विचारा. तिला चार पाठ असतील.

शेवटचं, शेजाऱ्यांबद्दल. आमच्याकडे ईस्टरला घावन आणि नारळाचा रस असतो, आणि ताटली चार घरी जाते. काकू विचारतात, "आज काय विशेष?" उत्तर लेकीला देऊ द्या. तीन शब्दांचं आहे, तिला येतं : "येशू जिवंत झाला." काकू म्हणतात, "हो का? अरे वा!" आणि ताटलीत घरची करवंदं घालून परत देतात.

तुमच्या घरी छोटं मूल असेल तर यातलं सगळं करू नका. एखादीच गोष्ट निवडा. माझं मत विचाराल तर गुहा आणि दगड. आणि तुमच्या मुलाने काय विचारलं ते मला नक्की कळवा, कारण पुढच्या वर्षीचे प्रश्न मला आत्ताच हवेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. सलाम!